पळसाच्या देठांचा गेनू

मी सात समुद्र ओलांडून आलोय, हे चाकणच्या बाजारात अजूनही दहा माणसं शपथेवर सांगतील. मीच त्यांना तसं सांगितलेलं आहे. खरं विचाराल तर समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, छप्पन सालच्या नाताळात, आणि तोही आगबोटीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून.

लढाईच्या वेळी गेनू आणि मी एकाच दिवशी पुण्याला जाऊन भरती झालो. गेनूची छाती भरली, त्याला परमुलखाच्या बोटीवर चढवलं. माझे तळपाय सपाट निघाले. मला देवळालीच्या छावणीत भटारखान्यात बसवलं. तीन वर्षं मी बटाटे सोलले. गावाला पत्रं धाडायचो त्यात मात्र मीही बोटीवरच होतो. सपाट पायांची लाज वाटायची, दुसरं काही नाही. एका पत्रात तर मी तोफही चालवली होती.

पंचेचाळीसच्या पौषात गेनूच्या घरी तार आली. बोट बुडाली, गेनू बेपत्ता. मेला असं तारेत नव्हतं.

लढाई संपून मी गावी आलो तेव्हा आधी त्याच्या घरी गेलो. दारात त्याची बायको गवराबाई उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिच्या मागं गेनूची आई कुशाबाई, आणि दोघींच्या मधे पाच वर्षांची शकू. मोठ्या दोघींनी काही विचारलं नाही. पोरीनं विचारलं, आबा कुठं हायती?

देवळालीचे बटाटे तिथंच सांगायला हवे होते. पण मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. म्हणालो, बोट फुटली तेव्हा मी एका फळीवर होतो आणि गेनू दुसऱ्या. लाटेनं आमची ताटातूट केली. शेवटचा पाहिला तेव्हा पोहत होता. आमच्या भामा नदीच्या डोहात पोहायचा तसा, तिरका हात टाकत.

पहिल्या वर्षी एवढंच होतं, पोहत होता. पुढं त्यावर मजले चढत गेले, मीही फळीवर तीन दिवस काढले. दुसऱ्या वर्षी गेनूला एक मासा भेटला. चाकणच्या किल्ल्याएवढा. माशाच्या पाठीवर हातभर माती साचलेली, आणि गेनूच्या मुंडाशाच्या गाठीत कांद्याचं बी. पुढच्या हंगामात माशाच्या पाठीवर कांदा लागला. मासा पाण्यात बुडी मारायचा म्हणून पाटाचं पाणी द्यायला लागत नव्हतं. चौथ्या वर्षी एक बेट आलं. बेटावर राजा होता. राणी मी गाळली, कारण गवराबाई दाराआडून ऐकत असायची.

लोक हसायचे, पुन्हा सांग म्हणायचे. कुणाचा विश्वास बसला नव्हता. पण ज्या घरात माणूस मेला असं कुणी धडपणे म्हणत नाही, त्या घरात गोष्टीलाही जागा मिळते. गवराबाई दर सणाला एक पान जास्तीचं वाढायची.

छप्पन साली शकू सोळा वर्षांची झाली. तळेगाव दाभाड्याच्या दौलतरावांच्या मुलाशी सोयरीक जुळली. माघातला मुहूर्त धरला. दौलतराव सरळ माणूस. बैठकीत सुपारी फुटायच्या आधी त्यांनी एवढंच विचारलं, की पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावामागं श्री घालायचं की कैलासवासी? काहीही घाला, आमचं म्हणणं नाही, पण एक काहीतरी ठरवा. अधांतरी माणसाच्या घरात आमचे पाहुणे कुणाच्या पाया पडणार?

त्यातच पौष जवळ येत होता. तारेला बारा वर्षं भरत होती. आमच्याकडे शास्त्र असं, की परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ घेऊन त्यांचा माणूस बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. म्हणजे तो मेला. त्यानंतर तो जिता परत आला, तर त्याला पाळण्यात घालून बारसं करायचं, आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. हे भटजींनी सांगितलं तेव्हा मी पारावर चौघांना हसवलं. मिशीवाला गेनू पाळण्यात कसा मावेल, आणि कानात कुर्र कोण करेल. गवराबाई पाणी घेऊन चालली होती. तिच्या डोईवरची घागर हलली नाही, पण मला गोष्ट तिथंच आवरती घ्यावी लागली.

तिचं सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. देठांचा माणूस झाला की तिचं कुंकू जाणार. कुंकू गेलं की शकूच्या हळदीला तिनं हात लावायचा नाही. स्वतःच्या एकुलत्या पोरीला हळद दुसऱ्या बायका लावणार, आणि ही स्वयंपाकघरात बसून जात्याची गाणी ऐकणार. ती कुणाशी भांडली नाही. देठांचा विषय निघाला की उठून जायची.

कुशाबाईचं उलटं होतं. म्हातारीला पोराच्या नावानं घोटभर पाणी सोडायचं होतं. जिता आहे म्हणून बारा वर्षं त्याला पिंड नाही, पाणी नाही. एक दिवस मी खळ्यावर होतो तिथं ती आली. खाली बसली नाही.

"मुरारी, बारा वर्सं तू माझ्या पोराला तोंडानं जगिवलास. आता तोंडानंच मार."

मी सांडलेली कणसं गोळा करू लागलो.

"त्याला बुडताना बघितला म्हन. गवरापुढं म्हन. तुझं तिला खरं वाटतंय. माझं पोर तहानलंय रं."

दोघींपैकी एकीला तरी बरं वाटेल असं काही बोलता येईल का, हे मी बराच वेळ शोधत राहिलो. मला गोष्टींची कधी वाण पडली नव्हती. त्या दिवशी पडली. शेवटी म्हटलं, बरं.

म्हातारीनं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. पोर पाण्यात गेलंय, त्याला आग कसली द्यायची, पाण्यातच सोडायचं, असं तिचं म्हणणं. आणि भामेत नाही. भामा त्याच्यापर्यंत कधी पोचणार? समुद्रातच.

गेनूचा धाकटा भाऊ बन्सी पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. घराण्यातली पहिली नोकरी. कारखान्याला नाताळची सुट्टी होती, आणि त्याला जोडून त्यानं दोन दिवसांची रजा काढली. सगळ्यांना रत्नागिरीच्या आगबोटीतून फिरवून आणतो म्हणाला. लग्नाआधी शकूला एकदा काहीतरी दाखवू. गवराबाई आधी नको म्हणाली. मग एकदम हो म्हणाली. का हो म्हणाली ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीत मी म्हणालो होतो, की नाताळात जगातल्या सगळ्या गोऱ्या कप्तानांना घरची आठवण येते, आणि त्या दिवशी ते हरवलेल्या माणसांना बोटीवर घेतात. जो कुणी जिथं अडकलाय तिथून त्याला उचलतात. आठवडाभर चालते ही उचलाउचल. ही मी तंबाखू मळता मळता रचली होती.

मला बरोबर घेतलं, कारण समुद्राची माहिती असलेला पंचक्रोशीत मी एकटा.

तळेगावहून रेल्वे धरून आम्ही मुंबईला गेलो आणि नाताळाच्या सकाळी भाऊच्या धक्क्यावर उभे राहिलो. धक्क्यावरचं पाणी हिरवं, त्यावर तेलाचे रंग. मी म्हणालो, हे काहीच नाही, पुढं बघा. कुशाबाईच्या काखेत दुरडी होती, वर भाकऱ्या आणि ठेच्याचं फडकं. तिच्या तळाशी काय आहे ते तिला आणि मला ठाऊक होतं. पळसाचे तीनशे साठ देठ तिनं स्वतः माळावरून तोडून आणले होते. मोजता येत नव्हतं म्हणून प्रत्येक विसांना सुतळीला एक गाठ. त्यांचा बांधलेला माणूस गेनूच्या जुन्या फेट्यात गुंडाळलेला होता. बन्सीला भूक लागली, त्यानं दुरडीत हात घातला. म्हातारीनं त्याच्या मनगटावर चापट मारली. बिचाऱ्याला वाटलं भाकरी मोजून आणल्यात.

बोट सजवली होती. रंगीत कागदांच्या साखळ्या, आणि डेकच्या दांडीला एक कागदी चांदणी टांगलेली. मालवणकडची ख्रिस्ती माणसं सणाला घरी निघाली होती. सकाळची प्रार्थना चुकली म्हणून त्यांनी डेकवरच उभ्यानं म्हटली. त्यांच्यातल्या एका बाईनं शकूच्या हातावर गोड वडी ठेवली. शकू चांदणीकडं बघत वडी खात राहिली. तिला कशाचीच कल्पना नव्हती, ती खरोखर फिरायला आली होती.

बोट धक्का सोडून निघाली तेव्हा मी चौघांना पुढं घेऊन उभा राहिलो आणि हातानं दाखवू लागलो. हा खडक, तो दीपस्तंभ, त्या बाजूला आफ्रिका. अर्धा तास बरं चाललं. मग दीपस्तंभ मागं पडला आणि बोट खालून कुणीतरी उचलून हळूच ठेवावी तशी करू लागली. माझ्या पोटातली सकाळची भाकर जागी झाली. शकू उभी, बन्सी उभा, सत्तरीला टेकलेली कुशाबाई पाय पसरून सुपारी कातरतेय, आणि सात समुद्र ओलांडलेला मी कठड्यावर वाकून पोट रिकामं करतोय. एक खलाशी जवळून जाताना हसला. म्हणाला, पहिल्यांदा आलात वाटतं. होतं असं.

मी मान वर केली. गवराबाईनं ते ऐकलं होतं. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. ती त्या खलाशाच्या तोंडाकडं बघत होती.

मग माझ्या ध्यानात आलं. सकाळपासून ती हेच करत होती. जो खलाशी जाईल त्याचं तोंड ती बघायची. आधी कपाळ, मग कान, मग चाल. पाठमोरा असला तर वळायची वाट पाहायची. कोळसेवाला वर आला, त्याचं तोंड काळं झालेलं, तर ती चार पावलं पुढं गेली आणि परत आली. दुपार झाली, बोट एका बंदरासमोर थांबली, किनाऱ्याहून पडाव म्हणतात त्या होड्या आल्या, उतारू शिडीनं चढू लागले. ती शिडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. प्रत्येक चढणाऱ्याला ती आधी वाट द्यायची, आणि मग त्याला बघायची.

कुशाबाईनं मला खूण केली. दुरडीवरचं फडकं तिनं सोडलं होतं. बन्सी शकूला घेऊन इंजिन बघायला गेला होता. म्हातारीनं ठरवलेली वेळ झाली होती.

मी गवराबाईजवळ गेलो. तोंडात सगळं तयार होतं. लाट कशी आली, हात कसा वर राहिला, मग तोही कसा गेला. चांगली रचली होती, ऐकणाऱ्याला शंका घ्यायला जागा नव्हती. पण तोंड धुवायला मी खलाशाकडून पोहऱ्यात पाणी घेतलं होतं. वर ओढलेलं समुद्राचंच पाणी. सवयीनं चूळ भरली आणि घशापर्यंत जळजळलो. समुद्र खारट असतो हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. इतका असतो हे मला माहीत नव्हतं.

गवराबाई म्हणाली, "भावजी, खारट लागलं व्हय?"

"लई."

"मग फळीवर तीन दिस कसं काढलं तुमी?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण जे माझं झालं तेच गेनूचं झालं असणार.

मी रचलेलं सगळं गिळलं. म्हणालो, "वहिनी, मी फळीवर नव्हतो. बोटीवर पण नव्हतो. मी देवळालीला बटाटे सोलत होतो."

मी पुढं सांगत गेलो. सपाट पाय सांगितले, पत्रं सांगितली, दारातली शकू सांगितली. मासा, बेट, नाताळचे कप्तान, सगळं एकेक करून परत घेतलं. जेवढं बारा वर्षांत उभं केलं होतं तेवढं पाडायला पाव घटका लागली नाही. शिडीवरचे उतारू संपले, पडाव मागं फिरले, बोटीनं भोंगा दिला.

"म्हंजे ते पवत हुते, ते?"

"ते पण नाही बघितलं."

"आन् बुडताना?"

मागं कुशाबाई उभी होती हे मला तेव्हा कळलं. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "बुडताना पण नाही. मला काहीच माहीत नाही."

म्हातारी खाली बसली. तिनं दुरडीतल्या भाकऱ्या काढून बाजूला ठेवल्या आणि फेटा उलगडला. देठांचा गेनू उन्हात आला. चांगला बांधला होता. हात, पाय, कंबरेला दोऱ्याचे वेढे, नारळाला शेंडी. गवराबाईनं तो बघितला आणि तिला सहल कशाची होती ते समजलं. फेटा तिनं ओळखला. तिनंच तो बारा वर्षं वर्षाकाठी एकदा धुऊन घडी घालून ठेवला होता.

मला वाटलं आता ती ओरडेल. ती सासूपुढं बसली, आणि देठांच्या माणसाचा एक हात सुटत होता, त्याची गाठ पुन्हा बांधली.

"आत्याबाई, मुरारीभावजींनी काय बघितलं न्हाई. म्या न्हाई बघितलं, तुमी न्हाई. मग आज कुनाच्या सांगन्यावरनं सोडायचा?"

"शास्तर हाय, गवरा. बारा वर्सं झाली. त्यो तहानलाय."

"व्हय. पर बारा वर्सं ऱ्हायला न्हवं? लेकीच्या हळदीसाठी आनि दोन महिनं ऱ्हाईल. माझा न्हवरा हाय त्यो. मला ठावं हाय, ऱ्हाईल."

कुशाबाईनं एकदा पाण्याकडं बघितलं. मग तिनं फेटा पुन्हा गुंडाळला. आधी पाय, मग अंग, आणि तोंडावरून शेवटचा पदर घेताना थांबली, नारळावर हात फिरवला. दुरडी तिनं सुनेच्या मांडीवर ठेवली.

"तुज्याकडं ठिव," म्हणाली. "माज्याकडं असला तर मी सोडीन."

शकू आणि बन्सी वर आले तेव्हा आम्ही तिघं भाकरी खात होतो. शकूनं विचारलं, मुरारीकाकानं काय गोष्ट सांगितली? गवराबाई म्हणाली, आज न्हाई सांगितली.

रत्नागिरीला उतरलो, देवदर्शन केलं, तिसऱ्या दिवशी परत आलो. येताना गवराबाईनं एकाही खलाशाकडं बघितलं नाही. दुरडी मांडीवर धरून ती चांदणी हलत होती तिकडं बघत बसली.

चाकणला एस.टी.तून उतरल्यावर तिनं मला बाजूला घेतलं. दौलतरावांना उत्तर द्यायचं होतं.

"एक गोष्ट सांगा त्यास्नी. श्री घालतील अशी. लगीन हुईस्तवर टिकंल येवढीच. पुढं लांबवू नगा."

दौलतरावांना म्हणालो, गेनूचा पत्ता लागायची आशा आहे, बंदरावर चौकशी करूनच आलो, सरकारी कागदाला दोन महिने लागतील. बंदरावर गेलो होतो एवढं खरं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आत चुलीपाशी बसलेल्या आपल्या बायकोकडं. म्हणाले, ठीक, मग श्री घालतो.

माघात हळद लागली. पहिली हळद गवराबाईनं लावली. कपाळाला, गालांना, हातांना, पायांना, आणि पुन्हा कपाळाला. बायका म्हणाल्या, पुरे गं, आम्हाला ठेव थोडी. तिनं ठेवली नाही. कुशाबाई उंबऱ्याच्या आत बसून जात्यावरची गाणी म्हणत होती, आणि मधेच एखाद्या ओवीत गेनूचं नाव घालत होती, जित्या माणसाचं घालतात तसं.

पाचपरतावण झालं, शकू नांदायला गेली, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी गवराबाई दुरडी घेऊन भामेच्या डोहावर आली. बरोबर कुशाबाई, बन्सी आणि मी. समुद्र पुन्हा परवडला नसता, आणि म्हातारीही आता म्हणाली, भामाच जाती तिकडं, पोचंल कवातरी. अग्नी द्यायचा नव्हता. भटजींनी बारीक तोंड करून मंत्र म्हटले आणि ते निघून गेले.

गवराबाईनं कुंकू स्वतः पुसलं. पदराच्या टोकानं, घाम पुसावा तसं. मग देठांचा गेनू पाण्यावर ठेवला, पण हात सोडला नाही.

"भावजी, आता सांगा. कसं झालं त्ये."

मला मासा आठवला, बेट आठवलं, बोटीवर गिळलेली लाट आठवली. त्यातलं काही बाहेर येईना. मग जे बघितलं होतं तेच सांगितलं. धक्क्याजवळ पाणी हिरवं असतं, वहिनी. पुढं निळं होतं, आणि दीपस्तंभ मागं पडला की काळपट. बोटीमागं पांढरे पक्षी येतात, थकत नाहीत. पाणी खारट आहे, घसा जळतो. दुपारी त्यावर ऊन पडलं की बघवत नाही. एवढंच आहे तिकडं.

ती ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "आन् ते पवत हुते का?"

आता ते माझ्याच्यानं म्हणवत नव्हतं.

कुशाबाई पाण्यात गुडघाभर उतरली होती. तिनं सुनेचा हात देठांवरून हळूच सोडवला.

"पवत असंल की," म्हणाली. "ह्याच डोहात पवायचा. तिरका हात टाकायचा."

ओंजळ भरून तिनं पाणी सोडलं. पहिलं, दुसरं, तिसरं. नारळ एकदा फिरला, फेटा भिजून जड झाला, आणि देठ एकेक सुटे होत डोहाच्या मधल्या धारेला लागले.